आज चालू आहे

हिवरझरी
२६ ऑक्टोबर २०२५

ज्योत्स्नाताई,

धाकट्या प्रफुलचा नमस्कार. आई बरी आहे. बाबा बरे आहेत. धान पिवळं पडलं, थोड्याच दिवसांत कापणी लागेल.

चार वर्षांनी एकदम पत्र आलं म्हणून घाबरू नकोस. फोनवर मला नीट बोलता येत नाही, हे तुला माहीत आहे. शिवाय रेंज फक्त दारापुढच्या कडुलिंबाखाली येते आणि तिथे बाबांची खाट असते. तुझं नाव त्यांच्यासमोर अजून कोणी घेत नाही. तू राजदीपभाऊजींशी लग्न केलंस तेव्हा ते जे बोलले, ते त्यांनी परत घेतलेलं नाही. पण पत्राचं खरं कारण वेगळं आहे. मोबाईलवर लिहिलेलं कुठं जाऊन पोचतं ते मी या आठवड्यात पाहिलं. म्हणून कागद घेतला.

गावात वाईट झालं आहे. आपल्या धानाच्या बांधीच्या पलीकडे ज्यांची बांधी आहे ते झिंगूभाऊ गेले. अन्नपूर्णावहिनीला घेऊन दिवाळीसाठी हैदराबादहून आले होते, तिथे दोघंही इमारतीच्या कामावर होते. दिवाळीच्या आधी एका पहाटे बांधीतले मासे पाहायला निघाले आणि दोन बांध्यांमधल्या धुऱ्यावर करंट लागून पडले. रानडुकरांसाठी लावलेली तार होती.

तू गावात होतीस तेव्हा रात्रीची जागल होती, म्हणून तारेचं तुला ठाऊक नसेल. आता मचाणावर बसायला माणूस उरला नाही. संध्याकाळी जो तो आपल्या धुऱ्याला विजेची उघडी तार ओढतो आणि सकाळी काढतो. गुन्हा आहे हे सगळ्यांना माहीत आहे. कोणाचा जीव जाऊ नये म्हणून गावानेच एक नियम केला. 'शिवार जागल' नावाचा व्हॉट्सअॅप ग्रुप काढला. तार लावली की तिथे लिहायचं, 'आज चालू आहे', आणि कोणता धुरा ते. सकाळी 'बंद केली'. मोबाईलवर मराठी मला नीट लिहिता येतं म्हणून ग्रुप मीच काढून दिला होता. दोन पिकं त्याच्यावर सुखरूप निघाली.

पोलीस आले तेव्हा त्यांनी आधी मोबाईल मागितले. झिंगूभाऊ जिथे पडले होते त्या कोपऱ्याला दोन धुरे मिळतात. ग्रुपमध्ये त्यांपैकी एकाचाच निरोप होता. लटारूकाकांचा. 'आज चालू आहे. पूर्वेचा धुरा. कोणी येऊ नये.' काका म्हणाले, माझी तार कोपऱ्याच्या अलीकडेच संपते. पण काकांचा निरोप होता आणि दुसरा कोणताच नव्हता. काकांना नेलं. आता ते चंद्रपूरच्या कारागृहात आहेत.

तू पोलिसात आहेस, म्हणून तुला एक विचारायचं आहे. समजा एखादा माणूस आपणहून ठाण्यात गेला आणि म्हणाला, ती तार माझी होती, तर त्याचं काय होतं? आपणहून सांगितल्याचा काही फरक पडतो का? त्याचं वय साठच्या वर असेल तर? मी असंच विचारतो.

भाऊजींना नमस्कार.

प्रफुल

हिवरझरी
६ नोव्हेंबर २०२५

ताई,

तुझं पत्र मिळालं. पोस्टमन म्हणाला, "पोलिसाच्या घरून आलं दिसते, काय लफडा केला बे?" मी ते गोठ्यात जाऊन वाचलं.

तू लिहिलंस, "तू असंच विचारत नाहीस. पण नाव लिहू नकोस. मी तुझी बहीण आहे तशी पोलीसही आहे. नाव असलेलं पत्र मला साहेबांपुढे ठेवावं लागेल. आणि हे तुझ्या पत्रातून कळण्यापेक्षा त्या माणसाच्या तोंडून कळलं पाहिजे."

म्हणून नाव लिहीत नाही. फक्त इतकं लिहितो. आपल्या घरी मोबाईल मी एकटाच वापरतो. आपल्या धुऱ्याचा निरोप रोज मीच टाकतो. त्या दिवसांत मी विजेच्या फिटिंगच्या कामावर माजरीला होतो. परत आलो तेव्हा गोठ्यामागच्या तणसाखाली तारेचं वेटोळं होतं आणि त्याचा चिखल वाळला नव्हता. मी आईला विचारलं. आई म्हणाली, "मले काऊन इचारतं? त्याहीले इचार." यात कोणाचं नाव आलेलं नाही, मी पुन्हा वाचून पाहिलं.

झिंगूभाऊंनी पहाटे ग्रुप पाहिला होता. अन्नपूर्णावहिनीच सांगते. लटारूकाकांचा धुरा चालू आहे असं वाचून ते दुसऱ्या धुऱ्याने गेले. त्या धुऱ्याबद्दल कोणी काही लिहिलं नव्हतं.

तू आणखी एक लिहिलंस, ते माझ्या डोक्यातून जात नाही. तुमच्या प्रशिक्षणात साहेबांनी सगळ्यांना विचारलं होतं, दहा वर्षांनी तुमच्या भागात कोणते गुन्हे वाढतील ते लिहा. कोणी फोनवरची फसवणूक लिहिली, कोणी गांजा, कोणी मोबाईलवरचा सट्टा. तू म्हणतेस, धुऱ्यावरची तार तूही लिहिली नाहीस, आणि आता वाटतं की लिहायला हवी होती.

ताई, तुला सुचली नाही यात तुझी चूक नाही. तो गुन्हा करायचा म्हणून कोणी केलेला नाही. आधी पोरं हैदराबादला गेली, काही माजरीच्या खाणीवर ठेकेदाराकडे लागली. मचाणं रिकामी झाली. मग बांधीत म्हातारे तेवढे उरले, आणि म्हाताऱ्याला सगळी रात्र डब्बा वाजवता येत नाही. डुकरं मात्र वाढतच गेली. मग तार आली. तार आली म्हणून ग्रुप आला. प्रत्येक गोष्ट आधीच्या गोष्टीवरचा उपाय होती. शेवटी माणूस मेला तेव्हा आरोपी शोधायला पोलीस आले, आणि त्यांच्याजवळ मोबाईलशिवाय काही नव्हतं.

मोबाईलात कोण सापडलं ते पाहा. ज्याने सावध केलं तो. न सांगणाऱ्याचं त्यात काहीच नाही. गावाने हे बरोबर पाहून ठेवलं आहे. काकांना नेलं त्या दिवसापासून ग्रुपमध्ये 'आज चालू आहे' कोणी लिहीत नाही. तारा काढलेल्या नाहीत. मी रोज संध्याकाळी ग्रुप उघडतो. गुड मॉर्निंगची फुलं आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा असतात. आता दुसरा झिंगूभाऊ कोणत्या धुऱ्यावर पडेल ते सांगता येणार नाही, आणि तेव्हा तर तुमच्या पोलिसांना मोबाईलात तेवढंही सापडणार नाही. साहेबांनी पुन्हा विचारलं तर हे लिही.

प्रफुल

हिवरझरी
१२ नोव्हेंबर २०२५

ताई,

हे पत्र मी दोनदा फाडून तिसऱ्यांदा लिहितो आहे.

बाबांनी बांधीत मचाण बांधलं. एकट्याने. बांबू तोडून आणले, वर तणीस टाकलं, आणि आता रोज जेवून तिथे जातात. घरी तार आहे तशीच तणसाखाली पडली आहे. आईने म्हटलं, "या वयात थंडीत बसता, छातीत भरंल." ते घोंगडी उचलून निघाले. सकाळी येतात तेव्हा त्यांचे डोळे लाल असतात. काम विचारलं तर एका शब्दात उत्तर देतात.

परवा मी मचाणाखाली जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "बाबा, लटारूकाका जेलात आहेत."

"मले काय मालूम नाई?"

"त्यांनी काही केलं नाही."

"त्यानं तार लावली होती."

"सगळ्यांनीच लावली होती. पण झिंगूभाऊ काकांच्या तारेनं गेले नाहीत."

त्यांनी वरून बांधीकडे हात केला. मग म्हणाले, "मी तोंड उघडलं तं हे धान कोण कापते? तू? तुले पंखे बसवाले टाइम आहे, बांधीत उतराले नाई. तुह्या मायले मजूर भेटतेत? एक तरी जवान मानूस राह्यला का या गावात? आधी हे घरी येऊ दे."

"आणि धान घरी आल्यावर?"

"तू जाय घरी."

मी गेलो. ताई, धान घरी आल्यावर ते बोलतील की नाही, हे मला खरंच माहीत नाही. तू ओळखतेस त्यांना. त्यांचं 'मंग' कधी येत नाही.

येताना लटारूकाकांच्या घरावरून यावं लागतं. गिरजाकाकू अंगणात धानासाठी जागा सारवत होती. एकटीच. मी म्हटलं, "काकू, काही काम असेल तर सांग." तिने मान वर केली नाही.

"काय काम सांगू? तुमचं नशीबच चांगलं बापा. आमचा मानूस चार अक्षरं शिकला, लिहून ठेवलं, तं आत गेला. तुह्या बापाले लिहता येत नाई, तं घरी आहे."

मी उभाच राहिलो.

"जाय ना," ती म्हणाली, "पाय पडंल सारवनावर."

ती तुरुंगात भेटायला गेली तेव्हा काका काय म्हणाले ते तिने मग सांगितलं. तिने त्यांना विचारलं, "तुम्ही कोनाचं नाव काऊन नाई घेत?" काका म्हणाले, "म्या पाह्यलं नाई तं कसा घेऊ? अंदाजानं मले आत टाकलं, आता मीबी अंदाजानंच दुसऱ्याले टाकू का?"

तिला सगळं माहीत आहे, ताई. आईला माहीत आहे. मला वाटतं, अर्ध्या गावाला माहीत आहे. तू म्हणालीस, त्या माणसाच्या तोंडून आलं पाहिजे. मी रोज त्या तोंडाकडे पाहतो. भाकरीसाठी उघडतं, चहासाठी उघडतं. आणखी किती दिवस थांबायचं ते तू सांग. नाहीतर पुढच्या पत्रात मी नाव लिहीन आणि तू ते साहेबांपुढे ठेव. मग हे बापाचं घर मला सोडावं लागेल हेही मी समजून आहे.

प्रफुल

हिवरझरी
१७ नोव्हेंबर २०२५

ताई,

आता तुझ्या उत्तराची वाट न पाहता लिहितो, कारण आज सगळं बदललं.

आज सकाळी ग्रामपंचायतीपुढे गाव जमलं होतं. पोलीस पाटील गुणवंतरावांनी बोलावलं होतं. तपासाचे साहेब पुन्हा येणार आहेत आणि सगळ्यांचे मोबाईल पाहणार आहेत, असं त्यांना कळलं होतं. ते ओट्यावर उभे राहून म्हणाले, "आज सगळ्याहीनं तो ग्रुप डिलीट करा. आपल्या शिवारात कोनी तार लावत नाई. कोनी लावलीच नाई. समजलं का?"

मागून कोणीतरी म्हणालं, "मंग पाटील, डुकरं का पोथी आयकाले येतेत आपल्या बांधीत?"

लोक हसले. गुणवंतरावही थोडे हसले. तेवढ्यात बायकांतून अन्नपूर्णावहिनी उठली. झिंगूभाऊ गेल्यापासून ती चार लोकांत आली नव्हती.

"पाटील, मले एक इचाराचं आहे."

"बाई, तुह्यं दुःख आमाले समजते..."

"दुःखाचं नाई इचारत. धान पिकून राह्यलं. उद्या कापाले जाचं आहे. मी कोनत्या धुऱ्यानं जाऊ तेवढं सांगा. ग्रुपात तं आता कोनीच लिहीत नाई."

कोणी हसलं नाही. मी सगळ्यांचे चेहरे पाहिले. ज्यांच्या बांध्या तिच्या वाटेवर आहेत ते सगळे खाली पाहत होते.

ती थांबली नाही. "मले कोनाले जेलात टाकाचं नाई. लटारूभाऊले बी मी टाकलं नाई, पोलिसाहीनं टाकलं. मले फकस्त रस्ता पाह्यजे. त्यायनं बी त्या दिवशी मोबाईल पाह्यला होता. लिहिलं नाई, म्हून तिथून गेले. मी कशाले पाहून जाऊ?"

गुणवंतराव म्हणाले, "बस बाई, आपून पाहू."

तेव्हा बाबा उठले. ते पिंपळाखाली सगळ्यांत मागे बसले होते. मला वाटलं, घरी निघाले. ते उभे राहिले, खांद्यावरचा दुपट्टा काढून हातात धरला आणि म्हणाले, "माह्या धुऱ्यानं जाय."

सगळे वळले.

"तिथी आता काई नाई. त्या दिवशी होती. माही होती. लटारूची नोहे."

"हरिदास, खाली बस," गुणवंतराव म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, घाबरलेला होता.

"बसतो. आधी तिले रस्ता सांगू दे." मग वहिनीकडे पाहून म्हणाले, "बोडीच्या पान्याकडेनं, पारीवरून ये, तिथून माह्या धुऱ्यानं सरळ. उजव्या हाताच्या धुऱ्याचं मले मालूम नाई. ज्याचा आहे त्यानं सांगाव."

ताई, मला वाटलं होतं वहिनी ओरडेल. माती उचलून फेकेल. तिने काहीच केलं नाही. चालत त्यांच्याजवळ आली आणि विचारलं, "लिहिलं काऊन नाई?"

"मले लिहता येत नाई. पोरगं गावाले गेलं होतं."

"मंग आवाज द्याचा होता ना काका. आमचं घर का दूर आहे?"

बाबांनी तोंड उघडलं. खरंच उघडलं. पण त्यातून काही आलं नाही. आपल्या घरातून तिचं घर दिसतं. पूर्वी जागलीला जाताना ते याच घरापुढून आवाज देत जायचे, तू ऐकलं आहेस. ग्रुप आल्यापासून ती सवय सुटली. मला करंट दिसतो, वायर दिसते, फ्यूज दिसतो. हे दिसलं नव्हतं.

वहिनी परत जाऊन बायकांत बसली. मग उजव्या हाताच्या धुऱ्यावाला माणूस उठला. त्याचं नाव लिहीत नाही, त्याने तसं म्हटलं आहे. तो म्हणाला, "माही आजपासून बंद." आणखी दोघं बोलले. सगळे नाही. काही जण तसेच उठून गेले. गुणवंतराव बाबांजवळ येऊन म्हणाले, "काऊन असं केलं गा? धान तं कापू द्याचं होतं."

घरी आल्यावर आईने पाणी दिलं. बाबा म्हणाले, "उद्याची पहिली बस कितीले आहे?"

प्रफुल

हिवरझरी
१९ नोव्हेंबर २०२५

ताई,

काल बाबांना तालुक्याच्या ठाण्यात घेऊन गेलो. जे झालं ते क्रमाने लिहितो.

तारेचं वेटोळं त्यांनी स्वतः पोत्यात भरलं. मी म्हटलं, मी उचलतो. ते म्हणाले, "हात नको लावू." बस थांब्यावर गिरजाकाकू होती. तिला चंद्रपूरला काकांना भेटायला जायचं होतं. तिने पोत्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं. बस भरलेली होती. तिला खिडकीजवळ जागा मिळाली. बाबा पोतं पायाशी घेऊन दांडीला धरून उभे होते. थोड्या वेळाने ती सरकली आणि म्हणाली, "बसा ना भाऊ. उभे राहून का पोचाल लवकर?" बाबा बसले.

ठाण्यात संगणकापुढे एक बाई शिपाई होती. तुझ्याच वयाची असेल. तिने आम्हाला पाहून विचारलं, "काय तक्रार आहे बाबाजी?"

बाबा म्हणाले, "माहीच आहे."

तिला कळलं नाही. मी सांगायला लागलो, पण बाबांनी हात आडवा केला आणि सगळं स्वतः सांगितलं. तार कधी लावली, कुठून कुठपर्यंत, पहाटे बांधीतून ओरड ऐकून धावत गेले तेव्हा झिंगूभाऊ कसे पडले होते, आधी करंट बंद केला, मग नाडी पाहिली, मग तार गुंडाळली. हे शेवटचं ते दोनदा बोलले. "मानूस मेला होता आनि मी तार गुंडाळत होतो." मी हे पहिल्यांदा ऐकलं. ती बाई टाइप करायची थांबली होती. मग आत जाऊन साहेबांना घेऊन आली.

साहेब चांगलं बोलले. म्हणाले, लटारूकाकांचं कोर्टातून होईल, वेळ लागेल, पण होईल. बाबांना मात्र आज घरी सोडता येणार नाही. आणि गावातल्या बाकीच्या तारांबद्दल त्यांनी मलाच विचारलं, तू तो ग्रुपवाला ना, सांग, कोण कोण लावतं? मी म्हटलं, साहेब, आता कोणी लिहीत नाही. ते म्हणाले, "लिहीत होते तेच बरं होतं म्हण की." आणि पुढचं काही विचारलं नाही.

मग ती बाई माहिती भरायला बसली. पूर्ण नाव. वय. गाव. "मोबाईल नंबर?"

"मी नाई वापरत."

"घरच्या कोणाचा तरी सांगा. अटकेची माहिती नातेवाइकाला द्यावी लागते."

मी तिथेच उभा होतो. मी माझा नंबर सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात बाबांनी सांगायला सुरुवात केली. एक एक आकडा, मध्ये न थांबता, दहाही आकडे. ज्यांना मोबाईल हातात धरता येत नाही, त्यांनी. मला वाटलं, काहीतरी चुकीचं सांगत आहेत. मी खिशातून मोबाईल काढून ताडून पाहिला. तुझा नंबर होता, ताई. कुठून आणि कधी पाठ केला, मला माहीत नाही. आईलाही माहीत नाही, मी विचारलं.

ती म्हणाली, "हा कोणाचा?"

"पोरीचा. ते पोलिसात आहे. सिरोंचाले."

तिने मान वर करून पाहिलं. "नाव?"

बाबांनी एकदा दाराबाहेर पाहिलं, जिथे काही नव्हतं. मग म्हणाले, "ज्योत्स्ना राजदीप खोब्रागडे."

तिने लिहून घेतलं. मी शेजारून पाहिलं, शुद्ध लिहिलं होतं.

आता मी उद्यापासून बांधीत उतरणार आहे. अन्नपूर्णावहिनीचं आणि आपलं एकत्र कापायचं ठरलं आहे, मजूर कोणालाच नाही. हे पत्र तुला पोचेपर्यंत कदाचित ठाण्यातून फोन येऊन गेला असेल. आला नसेल तर येईल. अनोळखी नंबर असेल, तरी उचल.

प्रफुल